कच्चा हात, वाढीव बोली: स्टड पोकरमधला एक जुना प्रश्न

मंडळी, आज सुरुवात एका चित्रपटापासून करूया. 'द सिनसिनाटी किड', १९६५ साल. शेवटचा डाव पाच पत्त्यांच्या स्टडचा आहे, म्हणजे प्रत्येकाचा एक पत्ता झाकलेला आणि चार उघडे. स्टीव्ह मॅक्वीनच्या हातात एक्के आणि दश्श्यांचं फुल हाउस. समोर एडवर्ड जी. रॉबिन्सन, म्हणजे म्हातारा लॅन्सी. त्याच्याकडे चौकटची अठ्ठी ते राणी, सलग पाच पत्ते. तरणा खेळाडू हरतो, पडदा पडतो.

पोकर जाणणारी माणसं या डावावर आजही नाक मुरडतात. समोर जोड दिसत असताना लॅन्सीने अपुऱ्या हातावर इतके पैसे लावलेच कसे? तो जिंकला ही पटकथेची कृपा. हा 'कसे' आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे दीडशे-एक वर्षांचा इतिहास आहे. चार पत्ते जमलेत, पाचवा यायचाय. अशा वेळी नुसतं टिकून राहायचं की बोली वाढवायची? जो हात अजून बनायचाय त्याला आपण आज 'कच्चा हात' म्हणू. आपल्या तीन पत्तीत कच्चा हात नसतोच. तिन्ही पत्ते एकदम येतात, जे आहे ते आहे.

आणि गंमत अशी की पोकरही आधी तसंच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीवरच्या आगबोटींत जे पोकर खेळलं जाई, ते वीस पत्त्यांचं होतं. एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे पत्ते, चौघे खेळाडू, प्रत्येकाला पाच, संपला गठ्ठा. पत्ता बदलणं नाही, नवा येणं नाही. पुढे बावन्न पत्ते आले, एका रंगाच्या पाच पत्त्यांना (आपण ज्याला कलर म्हणतो) मान मिळाला, पत्ते बदलून घ्यायची सोय झाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या आसपास स्टड आला. त्यात पत्ते एकेक करून, उघडे, आणि दर पत्त्यानंतर बोली. म्हणजे अर्धवट हातावर पैसे लावायची वेळ वारंवार येऊ लागली. कच्चा हात हा प्रश्न इथे जन्मला.

पाच पत्त्यांच्या स्टडमध्ये त्याचं उत्तर सोपं होतं. तीन पत्ते एका रंगाचे असले, तर उरलेले दोन्ही त्याच रंगाचे येण्याची शक्यता शंभरात चारसुद्धा नाही. पॅक करा आणि घरी जा. विसाव्या शतकात सात पत्त्यांचा स्टड पसरला तेव्हा चित्र पालटलं. त्यात आधी दोन झाकलेले आणि एक उघडा, मग तीन उघडे, शेवटचा पुन्हा झाकलेला. सातांतले उत्तम पाच धरायचे. इथे तीन एकरंगी पत्त्यांवर कलर पुरा होण्याची शक्यता शंभरात अठराच्या घरात जाते. चौथाही त्याच रंगाचा आला तर सत्तेचाळीस. आता हे पैसे फेकणं राहिलं नाही.

तरी जुनी पुस्तकं सावधच होती. हर्बर्ट यार्डली हा मूळचा सांकेतिक लिपी फोडणारा माणूस. पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी आणि पुढे १९३८ पासून चुंगकिंगमध्ये चिनी सरकारसाठी त्याने हेच काम केलं. त्याचं पोकरवरचं पुस्तक १९५७ मध्ये आलं आणि तुफान खपलं. त्याचा सूर एकच: हात चांगला नसेल तर उठा. गणितज्ञ तरी पुढे होते का? जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात पोकरवर अख्खं प्रकरण लिहिलं, थाप मारणं हे भित्र्याचं किंवा लबाडाचं काम नसून गणिताने निघणारी गरज आहे हे दाखवून दिलं. पण त्यांच्या नमुन्यातला हात वाटला की ठरला, नंतर बदलत नाही. म्हणजे आगबोटीवरचंच पोकर! थाप होती, पक्का हात होता, मधला कच्चा हात नव्हता.

ही मधली जागा डेव्हिड स्क्लान्स्की यांनी नावानिशी भरली. त्यांच्या 'द थिअरी ऑफ पोकर' (१९८७) या पुस्तकामुळे 'सेमी-ब्लफ' हा शब्द रुळला. अर्धी थाप म्हणा. आज हात हरतोय, पण उद्या जिंकू शकतो. अशा हाताने बोली वाढवली तर जिंकायच्या वाटा दोन होतात. एक, समोरचा आत्ताच पॅक होईल. दोन, नाही झाला तरी आपला पत्ता येईल.

आता थोडा हिशेब करू, कारण त्याशिवाय यातलं मर्म कळत नाही. सहा जण बसलेत. आपल्याकडे चार बदाम आहेत. दोघे पॅक झाले, तिघे आपल्यासोबत आहेत. पॅक झालेल्यांचा धरून इतरांचे आठ पत्ते आपण पाहिले. त्या आठांत एकही बदाम नसेल तर कलर होण्याची शक्यता शंभरात चोपन्न. त्यांत चार बदाम गेले असतील तर चौतीसच. हातात तेच चार पत्ते, आणि फरक वीस टक्क्यांचा! पॅक झालेल्यांचे पत्ते तोवर उलटे पडलेले असतात. ज्याने ते लक्षात ठेवले नाहीत, तो आंधळा खेळतोय.

पुढचा प्रश्न, पैसे किती जण भरणार? चौघांनी दहा-दहा डॉलर वाढवले तर चाळीस होतात. चोपन्न टक्क्यांनी आपल्या वाट्याला साधारण साडेएकवीस. (कलर होऊनही कधीकधी फुल हाउसपुढे मार बसतो, ते थोडं वजा करा.) इथे आपल्याला सगळे राहायलाच हवे आहेत. समोर एकच जण असेल तर वीसातले जेमतेम अकरा. मग ती वाढ पत्त्यांवर नव्हे, त्याच्या भीतीवर चालते. तो घाबरणारा असेल तर वाढवा, नसेल तर हात आखडा. त्याच्या उघड्या पत्त्यांत जोड दिसत असेल तर आम्ही म्हणू, गप्प बसा. तो हटणार नाही आणि फुल हाउसही त्याच्याचकडे होईल.

यात बसण्याची जागासुद्धा आली. बोली लावणारा आपल्या लगेच आधी असेल, तर आपली वाढ मधल्या गिऱ्हाइकांना पळवून लावते आणि आपण त्या एका तगड्या जोडीसमोर एकटे उरतो. तोच आपल्या लगेच पुढे असेल, तर फेरी फिरून येईतो सगळ्यांनी पैसे घातलेले असतात. मग वाढवायचं. मात्र ठरीव बोलीच्या खेळात पाचव्या पत्त्यापासून रक्कम दुप्पट होते, म्हणून जाणते लोक कधीकधी चौथ्यावर स्वस्तात वाढवतात, की पुढे समोरचा दबकून नुसता 'चेक' म्हणेल आणि आपल्याला एक पत्ता फुकट मिळेल.

आता इतिहासातला विरोधाभास बघा. कॅलिफोर्नियाने १८८५ मध्ये जुगारबंदीच्या कलमात 'स्टड-हॉर्स पोकर' घातलं. १९११ मध्ये तिथल्या महाधिवक्त्यांनी मत दिलं की झाकल्या पत्त्यांचं ड्रॉ पोकर हे कौशल्य. स्टड बंदच राहिला. गार्डेना गावातले पत्त्यांचे क्लब अनेक दशकं फक्त ड्रॉवर चालले, स्टडची वाट १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोकळी झाली. ज्या खेळात समोर सर्वांत जास्त माहिती उघडी पडते, मोजायला आणि लक्षात ठेवायला सर्वांत जास्त असतं, तोच नशिबाचा खेळ ठरला! कायदा करणाऱ्यांना उघडे पत्ते दिसले, त्यांचा हिशेब दिसला नाही, असं आमचं मत.

आपल्याकडे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबचा खटला आला होता. रमी जुगार की कौशल्य? न्यायालयाने रमीला तीन पत्तीपासून वेगळं काढलं, आणि त्याचं एक कारण असं दिलं की रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. आपल्या चार बदामांचा सगळा हिशेब त्या उलट्या पडलेल्या दोन पत्त्यांपाशी अडला होता, तोच हा मुद्दा.