न्यूफाउंडलंडमधील कॉड माशांचा ऱ्हास

न्यूफाउंडलंडमधील कॉड माशांचा ऱ्हास हे अतिमासेमारीच्या दुष्परिणामांचे जगातील एक प्रमुख उदाहरण मानले जाते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील या प्रदेशात अनेक शतके कॉडची मासेमारी हाच उपजीविकेचा मुख्य आधार होता.

कारणे
१९५० च्या दशकापासून मासे पकडून बोटीवरच गोठवणारी मोठी परदेशी यांत्रिक जहाजे येथे येऊ लागली. १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टन कॉड पकडले गेले. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार प्रस्थापित केला; मात्र त्यानंतर देशी जहाजांची संख्या वाढली. उरलेले थवे आधुनिक उपकरणांनी शोधता येत असल्याने या जहाजांना भरपूर मासे मिळत राहिले व साठ्याचा अंदाज वास्तवापेक्षा अधिक धरला गेला. किनाऱ्याजवळच्या लहान मच्छिमारांनी घटत्या मासळीबाबत दिलेल्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झाले. समुद्राचे पाणी थंड होणे हेही ऱ्हासाचे एक कारण सांगितले जाते.

बंदी व परिणाम
२ जुलै १९९२ रोजी मत्स्योद्योगमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला आणि अनेक किनारी गावांतून स्थलांतर झाले. कॉडचे भक्ष्य असलेल्या कोळंबीची व खेकड्यांची संख्या वाढून सागरी अन्नसाखळी बदलली. दोन वर्षांसाठी घातलेली ही बंदी २०२४ मध्ये उठली. तरीही साठा पूर्वपदावर आलेला नव्हता.