एख्टरडिंगेनचं शेत आणि साठ लाख मार्क

एखादं यंत्र लोकांच्या डोळ्यांदेखत मोडून पडलं, तर बघ्यांची गर्दी काय करते? घटकाभर हळहळते, थोडी टिंगल करते आणि घरची वाट धरते. ते यंत्र बनवणाऱ्याचं पुढं काय झालं, याची कुणी चौकशी करत नाही. ५ ऑगस्ट १९०८ या दिवशी जर्मनीतल्या एका शेतात मात्र नेमकं उलटं घडलं. हवाई जहाजांच्या इतिहासातला हा दिवस मला सर्वांत विलक्षण वाटतो. तो दिवस यंत्राचा नव्हता, गर्दीचा होता.

काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन हे घोडदळातले निवृत्त अधिकारी. माणसं नातवंडं खेळवतात त्या वयात, साठी उलटल्यावर, त्यांनी आपलं पहिलं हवाई जहाज कॉन्स्टन्स सरोवरावर उडवलं. तारीख होती २ जुलै १९००. अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर कापड, आत हायड्रोजन भरलेल्या पिशव्या आणि खाली इंजिनं. आकार एखाद्या अवाढव्य चिरुटासारखा! या नादात त्यांनी घरचा पैसा ओतला. लोक त्यांना वेडा सरदार म्हणून हसत. त्यांचं दुसरं जहाज जानेवारी १९०६ मध्ये बिघाडामुळं उतरवावं लागलं आणि रात्रीच्या वाऱ्यानं ते उघड्यावरच मोडून गेलं. तिसरं जहाज चांगलं उडालं, तेव्हा कुठं सरकार ऐकून घेऊ लागलं. पण सरकारची अट होती. जहाजानं सलग चोवीस तास उडून दाखवायचं, मगच खरेदीचं बोलायचं.

त्यासाठी चौथं जहाज तयार झालं. १३६ मीटर लांब. मुंबईच्या लोकलचे सहा डबे एकामागं एक लावले तरी तेवढी लांबी भरायची नाही! ४ ऑगस्ट १९०८ च्या सकाळी ते फ्रीड्रिशहाफेनहून निघालं आणि बाझेल, स्ट्रासबुर्ग करत ऱ्हाइन नदीच्या काठानं माइन्त्सकडं गेलं. वाटेतल्या गावांतले लोक रस्त्यांवर आणि गच्च्यांवर जमून त्याला निरोप देत होते. संध्याकाळी इंजिनाच्या कुरबुरीमुळं त्याला ऱ्हाइनवर उतरावं लागलं. रात्री ते पुन्हा उडालं, माइन्त्स गाठून माघारी वळलं. पण एक इंजिन पुन्हा बंद पडलं. ५ तारखेला सकाळी आठच्या सुमारास श्टुटगार्टजवळच्या एख्टरडिंगेन गावाबाहेर, शेतात ते उतरवलं गेलं. डायम्लरचा इंजिन कारखाना जवळच होता. तिथून कारागीर आले आणि दुरुस्ती सुरू झाली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत शेतात हजारो माणसं जमली. चाळीस-पन्नास हजारांचा अंदाज सांगितला जातो. जहाज नांगरून ठेवलं होतं, दोर सैनिकांच्या हातात होते. काउंट गावातल्या खाणावळीत विश्रांतीला गेले होते. तीनच्या सुमारास अचानक वादळी वारा सुटला. हवेपेक्षा हलकी आणि एवढ्या लांबीची वस्तू वाऱ्यापुढं म्हणजे एक शीडच! नांगर उखडला, सैनिकांना दोर सोडावे लागले, जहाज वर उचललं गेलं आणि थोड्या अंतरावर फळझाडांवर जाऊन आदळलं. हायड्रोजननं पेट घेतला. काही मिनिटांत वाकलेला सांगाडा तेवढा शिल्लक राहिला. सुदैवानं प्राणहानी झाली नाही.

काउंट परत आले तेव्हा गर्दीनं बाजूला होऊन त्यांना वाट दिली. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. सत्तर वर्षांच्या त्या माणसाला वाटलं, आता आपलं संपलं. सरकारची चोवीस तासांची अट तर पुरी झालीच नव्हती. पण त्याच दिवसापासून देशभरातून पैसे यायला लागले. श्रीमंतांनी दिले, मंडळांनी दिले, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. ज्यांच्याकडं रोकड नव्हती त्यांनी घरचे सॉसेज आणि वाइन पाठवली. एकूण रक्कम साठ लाख मार्कांच्या वर गेली. ज्या अपयशानं सरकारचा दरवाजा बंद व्हायचा, त्याच अपयशानं लोकांचा दरवाजा उघडला.

असं का व्हावं? मला वाटतं, यशस्वी यंत्र त्याच्या मालकाचं असतं. मोडलेलं यंत्र मात्र पाहणाऱ्या सगळ्यांचं होऊ शकतं. लोकांनी आदल्या दिवशी ते जहाज आपल्या घरावरून जाताना पाहिलं होतं. जळालं तेव्हा त्यांच्या घरातलंच काही गेलं.

पण या मायेला दुसरी बाजूही होती. तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री लॉइड जॉर्ज त्या वेळी जर्मनीत होते. जहाज पाहायला म्हणून ते श्टुटगार्टला आले आणि त्यांना दिसली शोकाकुल गर्दी. ती गर्दी देशभक्तीचं गीत आवेशानं गाऊ लागली, तेव्हा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पुढं आपल्या युद्धविषयक आठवणींत त्यांनी हे नोंदवलं आहे. ती शंका खरी ठरली. १९१५ मध्ये झेपेलिन जहाजांनी लंडनवर बॉम्ब टाकले. महायुद्धातल्या अशा हल्ल्यांत ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक माणसं मेली. खाऊचे पैसे देणाऱ्या मुलांच्या मनात हे खचितच नव्हतं.

एख्टरडिंगेननंतर तीनच दिवसांनी, ८ ऑगस्ट १९०८ ला, विल्बर राइट यांनी फ्रान्समध्ये लोकांसमोर आपलं विमान उडवून दाखवलं. पुढची शर्यत तिथंच ठरली होती. ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्ट इथं ‘हिंडेनबुर्ग’ जळालं, ३६ माणसं गेली. हर्बर्ट मॉरिसन या रेडिओ निवेदकाचा रडवेला आवाज ध्वनिमुद्रित होऊन घराघरांत पोचला. या वेळी कुणी नव्या जहाजासाठी वर्गणी काढली नाही. डोळ्यांसमोर माणसं जळाली होती, आणि प्रवासाला विमान हा पर्यायही होता.

मग साठ लाख मार्क वाया गेले का? तसं म्हणवत नाही. त्या पैशांतून काउंटनी १९०८ मध्येच कंपनी आणि तिच्यामागं एक न्यास उभा केला. जहाजांचं काम संपलं तर मालमत्ता फ्रीड्रिशहाफेन गावाच्या लोकोपयोगी कामांसाठी जावी, अशी तरतूद त्यांनी करून ठेवली. १९४७ मध्ये तसंच झालं. जहाजांचे गिअर बनवण्यासाठी १९१५ मध्ये निघालेली ‘झेडएफ’ ही कंपनी आज मोटारींचे भाग बनवते. तिचा मोठा हिस्सा याच न्यासाकडं आहे, आणि तिचा एक कारखाना आपल्या चाकणलाही आहे. शेतात जमलेल्या त्या गर्दीनं पैसे दिले होते नव्या जहाजासाठी. जहाजं गेली, वर्गणी मात्र अजून एका गावाच्या कामी येते आहे.