समुद्रापलीकडून आलेला सूर

'सिद्दी' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुरुडचा जंजिरा उभा राहतो. थोडे मागे गेले की मलिक अंबर आठवतो. हबसाणात जन्मून, गुलाम म्हणून विकला जाऊन, अखेर निजामशाहीचा सूत्रधार झालेला आणि 1626 साली मृत्यू येईपर्यंत मोगलांशी झुंजलेला हा पुरुष! परंतु ही झाली तलवारीची कथा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुजरात, कोकण व गोवा येथील बंदरांत शतकानुशतके जी माणसे गुलाम म्हणून आणली गेली, त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला ना किल्ला आला, ना दरबार. त्यांची बखर कोणी लिहिली नाही. त्यांचा इतिहास शोधावयाचा, तर तो त्यांच्या गाण्यात शोधला पाहिजे.

भडोच जिल्ह्यात रतनपूरजवळच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. हा प्रदेश अकीक दगडाच्या खाणींसाठी पूर्वापार प्रसिद्ध. बावा गोर आफ्रिकेतून आले, अशी सिद्दींची श्रद्धा आहे. त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिसरा यांनाही ते भजतात. या संतांपुढे जे गायन-नर्तन होते, त्यास 'गोमा' किंवा 'धमाल' म्हणतात. स्वाहिली भाषेत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि ढोलाच्या तालावरचा नाचही. आपल्या शाहिराची ओळ झीलकरी उचलतात, त्याचप्रमाणे येथे एकाने म्हणावे व साऱ्यांनी झेलावे, अशी रीत आहे. या गीतांत मधूनच आफ्रिकी वळणाचे शब्द येतात. त्यांतील कित्येकांचा अर्थ गाणाऱ्यांनाही उरलेला नाही. उच्चार मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आहे. साथीला 'मलुंगा' असतो: धनुष्याला भोपळा बांधून केलेले तंतुवाद्य. अटलांटिकपार ब्राझीलमध्ये आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी राखलेले 'बेरिंबाव' याच कुळातले आहे.

उत्तर कानडा जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळच्या रानात निराळे चित्र दिसते. तेथील सिद्दींत गोव्यातून पळालेल्या गुलामांचे वंशज आहेत. घरात कोकणी वळणाची बोली. धर्माने कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. परंतु 'डमामी' ढोल घुमू लागला की तिघांचाही फेर एकच होतो.

इंग्रजी मुलखात 1843 च्या कायद्याने गुलामीचा आधार काढून घेतला. झांजिबारचा गुलामबाजार 1873 साली बंद झाला. पुढे 1948 साली जंजिरा संस्थानही विलीन झाले. संस्थानांचा आश्रय सरला, आणि दर्ग्यातील गोमा क्रमाने देशोदेशींच्या रंगमंचावर गेला. तेथे मोरपिसांच्या पेहरावाला आणि डोक्यावर नारळ फोडण्याच्या कौशल्याला टाळ्या पडतात. कलावंतांच्या चरितार्थासाठी त्या पडाव्यातच. परंतु या चमत्कारांच्या मागे ज्या संथ, समूहाने म्हणावयाच्या भक्तिगीतांचा सूर आहे, तो प्रेक्षकांच्या कानी क्वचितच पडतो. त्यातील अर्थ हरवलेले शब्द ज्यांनी प्रथम उच्चारले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. ते शब्द लोपले, तर त्यांचा दुसरा पुरावा आपणांस कोठून मिळणार?