मॅकवर टॅली: एका तडजोडीचा इतिहास

1985 मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर आजच्या छत्रपती संभाजीनगरभोवती सुट्या भागांच्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले आणि त्यांच्या कीर्द-खतावणीची जागा कालांतराने संगणकाने घेतली. 1986 मध्ये बंगळुरूत उगम पावलेली टॅली ही हिशेबप्रणाली देशभर रुजली, परंतु ती आधी डॉस आणि नंतर विंडोज या कार्यप्रणालींना, म्हणजे संगणकाचा मूळ कारभार चालवणाऱ्या आज्ञावलींना, बांधलेली राहिली. मॅक घेणाऱ्या उद्योजकाची अडचण तिथूनच सुरू होते.

2006 मध्ये अ‍ॅपलने मॅकमध्ये इंटेलची चिप बसवल्यावर 'बूट कॅम्प'मुळे तोच संगणक विंडोजवर सुरू करता येऊ लागला, तर 'पॅरलल्स'ने आभासी यंत्राची, म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा चालवण्याची, सोय दिली. 2020 मध्ये अ‍ॅपलची स्वतःची चिप आली आणि त्या यंत्रांवर बूट कॅम्पचा मार्ग बंद झाला. टॅली मॅकसाठी न निघण्यामागचा अडसर मात्र तांत्रिक कमी आणि व्यापारी अधिक असावा, कारण भारतीय हिशेबनिसांच्या मेजावर मॅक क्वचितच असे. त्याच वर्षी आलेली टॅलीप्राइमही विंडोजसाठीच निघाली.