पाटीआधी भाकरी : खानदेशातल्या वसतिगृहांची गोष्ट



गरिबाचं पोर शाळेत का जात नाही, असं कुणी विचारलं की पटकन उत्तर येतं, आईबापाला शिक्षणाची किंमत नाही. जुना इतिहास चाळला की वेगळंच दिसतं. पुष्कळ आईबापांना किंमत चांगली ठाऊक होती. पण शाळा होती तालुक्याला आणि पोर होतं खेड्यात. तालुक्याला त्यानं राहायचं कुठं? जेवायचं कुणाकडे? रात्री ताप चढला तर कपाळावर हात कोण ठेवणार? हे प्रश्न ज्यांनी सोडवले, त्यांच्यामुळेच आपल्या भागातली गरिबाची पोरं शिकली. आजचं बोलणं त्यांच्याविषयी आहे.

थोडं मागं जाऊ. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०६ साली त्याचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, आणि पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे नि नंदुरबार. इंग्रज सरकारनं शाळा काढल्या, पण त्या कुणाच्या पोरांसाठी होत्या? १८८२ साली सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. महात्मा जोतिराव फुले यांनी या आयोगाला लेखी निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो कष्टकरी शेतकऱ्याकडून, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले नेमा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या मागण्या पुऱ्या व्हायला किती काळ गेला, ते पुढं बघू.

आता अमळनेरला येऊ. अमळनेरमध्ये गिरणीचे मालक प्रताप शेठ यांच्या दानातून शिक्षणाचं मोठं काम उभं राहिलं. त्यांच्या नावाच्या प्रताप हायस्कुलात १९२४ साली मूळचे कोकणातले एक तरुण शिक्षक आले. पांडुरंग सदाशिव साने. आपण त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

गुरुजींचं स्वतःचं शिक्षण सुखात झालेलं नव्हतं. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्याला फी पडत नाही असं कळलं, म्हणून ते पोरवयात घर सोडून तिकडं गेले. पुढं पुण्यात शिकले. दोन्हीकडे अभ्यासाइतकीच पोटाची चिंता होती. परक्या गावात पोरानं उपाशी राहून पुस्तक उघडणं म्हणजे काय, ते त्यांनी भोगलं होतं.

शाळेनं त्यांच्याकडे वसतिगृहाचं काम दिलं. तेव्हा त्याला छात्रालय म्हणत. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं तिथं राहायची. गुरुजींनी काय केलं? मुलांच्या खोल्या झाडल्या. त्यांचे मळके कपडे धुतले. आजारी मुलाच्या उशाशी बसून रात्र काढली. ज्याच्याकडे फी नव्हती, त्याला आपल्या पगारातून मदत केली. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढायचे. म्हणजे दिवसा शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात या मुलांची आई व्हायचं. १९३० साली त्यांनी नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. अमळनेरची नोकरी जेमतेम सहा वर्षांची. पण खानदेश आजही त्यांना आपलेच गुरुजी मानतो.

मैत्रिणींनो, झाडणं, धुणं, उशाशी बसणं ही कामं आपण जन्मभर करतो. त्यांची कुठं नोंद होत नाही. एका शिक्षकानं तीच कामं केली, तेव्हा ते शिक्षण ठरलं. मग आपण करतो ते काय आहे?

याच काळात तिकडं साताऱ्यात एक बाई तेच करत होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. एकाच छपराखाली, एकाच पंगतीत सगळे. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. त्या मुलांचं जेवणखाण, दुखणंखुपणं बघायच्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. कोठीतलं धान्य संपलं की त्यांचा एकेक दागिना जायचा. शेवटी त्यांनी मंगळसूत्रही दिलं, पण मुलांना उपाशी झोपू दिलं नाही. १९३० साली त्या गेल्या. आज रयतेच्या शेकडो शाळा आहेत. त्यांच्या पायात सिमेंटच्या आधी लक्ष्मीबाईंचं सोनं आहे.

पुन्हा आपल्या भागात येऊ. आता ऐका चाळीसगावची गोष्ट. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या अडचणी तपासायला एक समिती नेमली. अध्यक्षांच्या नावावरून तिला स्टार्ट समिती म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. आदिवासींमध्ये काम करणारे ठक्करबाप्पाही होते. १९२९ साली बाबासाहेब चौकशीसाठी धुळ्याला आले. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवर दलित वस्तीतले लोक त्यांना न्यायला आले होते. वस्तीवर जायला टांगा हवा होता. पण एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, हाकणारा नाही. मग ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता असा वस्तीतला एक माणूस पुढं बसला. वाटेत नदीवरच्या मोरीवर चाक दगडावर जोरात आपटलं आणि बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले. पायाचं हाड मोडलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

अमेरिकेत आणि विलायतेत शिकून आलेला बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य, त्यालाही चाळीसगावात टांगेवाला मिळाला नाही. मग त्याच वस्तीतल्या दहा वर्षांच्या पोराला तालुक्याच्या गावात भाड्यानं खोली कोण देणार होतं? खानावळीत ताट कोण वाढणार होतं? म्हणून त्या पोरासाठी वसतिगृह म्हणजेच शाळेचं दार होतं. बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं होतं. स्टार्ट समितीचा अहवाल १९३० साली आला. सगळ्या मुलांना एकाच शाळेत एकत्र बसवा, शिष्यवृत्त्या द्या, वसतिगृहं काढा, असं त्या अहवालात सांगितलं आहे. आज समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून आपल्या गावची एखादी मुलगी नर्सिंग नाहीतर बी.ए. करते. त्या वाटेवर चाळीसगावची ती मोरी लागते, हे तिला सांगायला हवं.

आता सातपुड्याकडे वळू. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, आणि त्यापुढं अक्कलकुवा, धडगाव. इथली भिल्ल, पावरा, तडवी पोरं विखुरलेल्या पाड्यांवर राहतात. एका पाड्यावर दहा घरं, दुसरा पाडा डोंगरापलीकडे. राज्य सरकारनं १९७२-७३ पासून आदिवासी भागात सरकारी आश्रमशाळा काढल्या. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं तिथंच. या शाळांमुळे सातपुड्यातली पहिली शिकलेली पिढी उभी राहिली. त्यांच्या उणिवाही आपण ऐकतो. कुठं न्हाणीघर नाही, कुठं मुलींच्या खोलीला धड कडी नाही, कुठं आजारी मुलाला वेळेवर दवाखाना नाही. म्हणजे छप्पर मिळालं, पण उशाशी बसणारं माणूस प्रत्येक ठिकाणी मिळालंच असं नाही.

आणखी एक अडचण भाषेची. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. घरी आपण लेकीला विचारतो, “कोठे जाई ऱ्हायनी?” शाळेत बाई विचारतात, “कुठे चाललीस?” अहिराणी बोलणारं पोर थोडं अडखळतं आणि सावरतं. पावरी नाहीतर भिली बोलणाऱ्या पोराला पुस्तकातली मराठी म्हणजे परकाच मुलूख.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदाकाठच्या गावांनी यावर स्वतः उपाय काढला. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ही गावं जाणार होती. कागदावर शाळा असली तरी शिक्षक डोंगर चढून येत नसत. नर्मदा बचाव आंदोलनात उतरलेल्या लोकांनी चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत जीवनशाळा सुरू केल्या. शिक्षक आपल्यातलेच, शिकलेले तरुण. सुरुवातीचे धडे आपल्या बोलीत, मग मराठी. शाळेची झोपडी गावानं बांधली. पाणी चढलं की तीच झोपडी वर सरकवून पुन्हा उभी केली. धरणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, पण घर बुडत असताना पोरांची शाळा बुडू न देणारे हे आईबाप होते. त्यांना शिक्षणाची किंमत नव्हती, असं कोण म्हणेल?

या सगळ्या गोष्टीत मुली कुठं आहेत? जुन्या वसतिगृहांच्या गोष्टी बहुतेक मुलग्यांच्याच आहेत. आपल्या बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांनी शाळा पाहिली नाही. शेतात नि जात्यावर ओव्या रचल्या, त्या दुसऱ्यांनी उतरून घेतल्या म्हणून राहिल्या. १९९० साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. अक्षर न गिरवलेल्या बाईचं नाव आज आपल्या पोरींच्या पदवीच्या कागदावर छापून येतं. अभिमान वाटतोच. पण अशा किती बहिणाबाई असतील, ज्यांचं कुणी उतरून घेतलं नाही?

आता आजचं बोलू. दिवाळी झाली की चाळीसगाव, साक्री, नंदुरबार या पट्ट्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबत पोरं जातात. थोरली मुलगी फडात धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. चार-सहा महिन्यांनी परत येते तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. दोन वर्षं असं झालं की तिची शाळा सुटते, आणि मग लवकरच लग्नाचं बोलणं सुरू होतं.

प्रश्न जुनाच आहे. आईबाप गेल्यावर पोर राहील कुठं, जेवेल काय, रात्री तिच्याजवळ कोण असेल? त्यावर हंगामी वसतिगृह ही सरकारी योजना आहे. आईबाप स्थलांतर करतात तेवढे महिने मुलांची गावातच जेवणाची आणि राहण्याची सोय करायची आणि हे काम शाळा व्यवस्थापन समितीनं बघायचं, अशी ती योजना.

आणि ही समिती म्हणजे कोण? शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. फुल्यांनी मागितलं १८८२ ला, देशभराचा कायदा झाला १२७ वर्षांनी. या कायद्यानं समितीत तीन-चतुर्थांश पालक ठेवले आणि निम्म्या जागा बायकांना दिल्या. त्या जागांवर नावं असतात. पण बैठकीला कोण जातं? सही कोण करतं? आपल्या गावात एकदा बघून या.

म्हणून पुढच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की चार कामं करू. पहिलं, गावातून कोणती घरं तोडीला जाणार आहेत आणि त्यांची पोरं कोणत्या वर्गात आहेत, याची यादी. ही माहिती सरकारी कागदाआधी आपल्याजवळ असते. दुसरं, मुकादमाची गाडी गावात यायच्या आत ती यादी समितीपुढं ठेवून हंगामी वसतिगृहाची मागणी. तिसरं, जी पोरं जाणारच आहेत त्यांच्या हातात शाळेचं शिक्षण हमी पत्रक, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसता येईल. जुना दाखला हातात नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा त्यांना परत पाठवू शकत नाही. चौथं, वसतिगृह सुरू झालं की आळीपाळीनं संध्याकाळी एक फेरी. चूल पेटली का, दिवा लागला का, मुलींजवळ रात्री बाईमाणूस आहे का, कडी लागते का, एवढंच बघायचं.

सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली शाळेत शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला. आज कितीतरी गावांत ती खिचडी आपल्याच बचत गटाच्या बायका शिजवतात. मानधन थोडं आहे, वेळेवर येत नाही, हे खरं आहे आणि त्यासाठी भांडायलाही हवं. पण ते काम हलकं समजू नका. अमळनेरला आणि साताऱ्याला जे झालं, ते याच कामानं झालं. यादी मात्र या आठवड्यातच करा. ऊस थांबत नाही.