सुतारांचं वाद्य

गिटार बनवायचा हक्क कोणाचा, यावरून सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खेन गावात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठं भांडण चाललं. व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं, आम्ही कलावंत. टेबलं-कपाटं करणाऱ्या सुतारांनी वाद्याला हात लावू नये. सुतार हटले नाहीत आणि शेवटी त्यांचा हक्क मान्य झाला. पण सुतारांच्याच बाजूचे, व्हिएन्नाला योहान श्टाउफर यांच्या हाताखाली तयार झालेले ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन या संघबाजीला विटले होते. १८३३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क गाठलं आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी बस्तान बसवलं. त्यांच्या नावाचा कारखाना तिथे आजही गिटारी घडवतो आहे.

माझे आजोबा सुतार. त्यामुळे या भांडणात मी कोणाच्या बाजूचा, हे सांगायला नको. मी गिटार वाजवतो बेताचीच. जमवतो ती सुतारकी पाहण्यासाठी. नवं वाद्य घरी आलं की आधी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन त्याच्या पोटात डोकावतो. परवा हाताने घडवलेली एक क्लासिकल गिटार संग्रहात आली, तिचीही पहिली तपासणी अशीच झाली. वरची फळी युरोपातल्या स्प्रूसची, पाठ आणि कडा शिसवी लाकडाच्या, अंगावर चपड्याचं पॉलिश. आतून फळीला चिकटवलेल्या सात बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या. सरसाचा एक ओघळ कुठे दिसेल तर शपथ!

त्या पट्ट्यांची मांडणी स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोरेस यांची. १८१७ साली अल्मेरियाजवळ जन्मलेले तोरेस मुळात सुतारच. पंख्यासारख्या पट्ट्या त्यांच्या आधीही लावत असत. तोरेस यांनी वाद्याचं अंग मोठं केलं, वरची फळी पातळ केली आणि पट्ट्यांचा तिच्याशी असा मेळ बसवला, की आजच्या क्लासिकल गिटारी त्याच घडणीवर चालतात. तारेची बोलती लांबी साधारण ६५० मिलिमीटर, हे मापही त्यांच्यामुळेच रूढ झालं. आवाज वरच्या फळीतूनच येतो, यावर त्यांचा एवढा विश्वास, की १८६२ मध्ये त्यांनी पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तरीही पाठीच्या लाकडाचा सोस काही सुटला नाही. जड, घट्ट, गडद लाकूड आवाज आतल्या आत पिऊन टाकत नाही, परतवतं. शिवाय दिसतंही देखणं. ब्राझीलचं रोझवूड म्हणजे सर्वोत्तम, अशी समजूत पक्की होती. पण तोडीला मर्यादा राहिली नाही, जंगलं विरळ झाली आणि ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली. १९६९ च्या अखेरीला मार्टिन कारखान्याने आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय रोझवूड घ्यायला सुरुवात केली. १९९२ मध्ये ब्राझीलच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची जवळपास पूर्ण बंदी आली आणि सह्याद्रीच्या, दक्षिणेतल्या जंगलांतलं हे लाकूड जगभरच्या गिटारींची नेहमीची पाठ होऊन बसलं.

हे भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसवी लाकूड. आजोबांनी त्याची देवघरं केली, पाट केले, कड्यांचे झोपाळे केले. रंध्याखाली त्याची जांभळट साल निघते आणि वास गोडसर येतो. गिटारीसाठी तेच लाकूड दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत पातळ तासतात, ओलं करून तापलेल्या नळीवर वळवतात. घाई झाली तर ते तडकतं. आजोबांना असलं वळण कधी द्यावं लागलं नाही, पण पाठीची दोन पानं एकाच फळीतून चिरून पुस्तकासारखी उघडून जोडलेली पाहताना त्यांनी मान नक्की डोलावली असती.

आता शिसवावरही नजर ठेवावी लागते. २०१७ च्या जानेवारीपासून त्याच्या साऱ्या कुळाचा व्यापार परवान्याखाली आला. वाद्यं बनवणाऱ्यांची आणि वादकांची एवढी तारांबळ उडाली, की २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. लाकडावरचा निर्बंध मात्र राहिला. माझ्या गिटारीच्या कारागिराने लाकूड कुठून घेतलं त्याची पावती बरोबर दिली, ती मी मापांच्या कागदासोबत जपून ठेवली आहे.

गिटारीच्या शौकिनांत अजूनही ब्राझीलच्या लाकडाचं नाव निघालं की उसासे टाकतात आणि आपल्या लाकडाला ‘पर्याय’ म्हणतात. माझ्यापुरता हा वाद मिटलेला आहे. नाझरेथने हे लाकूड नाइलाजाने उचललं. आजोबांकडे लोक लेकीच्या लग्नातल्या पलंगासाठी हेच लाकूड मागून घ्यायचे.