वाल, नीरा आणि ६१७४

आजच्या गप्पांचा विषय आहे संशोधन. शब्द जड वाटला ना? मग आधी स्वयंपाकघरात जाऊ.

वाल आपण कसे करतो? रात्री भिजत घालतो, फडक्यात बांधून मोड आणतो, कोमट पाण्यात टाकून सोलतो आणि मग शिजवतो. कच्चा वाल कुणी खात नाही. अर्धा कच्चा राहिला तर पोट बिघडतं, हे सासूनं सुनेला सांगितलेलं असतं. पण पोट का बिघडतं, वालाच्या दाण्यात असं असतं तरी काय, हा प्रश्न एका मराठी बाईनं मुंबईच्या प्रयोगशाळेत घेतला आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षं लागली. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत, ज्या १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्या यांच्या सख्ख्या बहीण. दुर्गाबाईंचं नाव पुष्कळांना ठाऊक असतं, कमलाबाईंचं फार थोड्यांना. मला हे नेहमी खटकतं.

कमलाबाईंचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. त्यामुळे मुलीनं तिथंच पुढं शिकावं यात घरात नवल नव्हतं. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या, त्याही पहिल्या क्रमांकानं. बंगळूरला अर्ज केला आणि उत्तर आलं, नाही. कारण काय, तर मुलगी आहे. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. होय, नोबेल मिळवलेले तेच रामन. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण मुलींना संस्थेत घ्यायचं नाही यावर ठाम.

कमलाबाई घरी परतल्या नाहीत. तो काळ गांधीजींचा. त्यांनी रामन यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह केला. मला घेत नाही त्याचं कारण द्या, नाहीतर घ्या. शेवटी रामन यांनी घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थी मानणार नाही. काम पटलं तरच पुढचं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. आणि तिसरी अट ऐका, प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. म्हणजे मुलांचं लक्ष विचलित झालं तर दोष मुलीचा!

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. मला यात त्यांचं मोठेपण वाटतं. झालं गेलं विसरून जा, असं बाईला सांगणारे पुष्कळ असतात.

वर्षभर त्यांनी श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. प्रथिनं म्हणजे अंग भरणारं, मुलं वाढवणारं अन्न. काम इतकं नेटकं होतं की रामन यांना मत बदलावं लागलं आणि पुढं त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एकीनं वर्षभर सोसलं तेव्हा मागच्यांसाठी दार उघडलं.

१९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांना एक पदार्थ सापडला, सायटोक्रोम सी. पेशी श्वास घेते, म्हणजे अन्नातून शक्ती काढते, त्या कामात हा पदार्थ लागतो. प्राण्यांत तो असतो हे माहीत होतं. वनस्पतींतही असतो, हे कमलाबाईंनी दाखवलं. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. जाडजूड बाड म्हणजेच मोठं काम असं थोडंच आहे!

परदेशात राहता आलं असतं. त्या परत आल्या. दिल्लीला शिकवलं, कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत काम केलं आणि १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्या. पती माधवराव सोहोनी विम्याचं गणित मांडणारे तज्ज्ञ. मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी पुढची पिढी घडवली, आणि त्यांच्या हाताखाली मुलीही शिकल्या. त्याच संस्थेच्या त्या पुढं संचालक झाल्या, तेही हक्काच्या वेळेपेक्षा बरंच उशिरा.

आता वालाकडे येऊ. आपल्या पोटात प्रथिनं पचवणारा एक रस असतो, त्याला ट्रिप्सिन म्हणतात. कच्च्या वालात त्या रसाला अडवणारा पदार्थ असतो. कुलपात काडी अडकली की किल्ली फिरत नाही, तसं समजा. अन्न पोटात जातं पण अंगी लागत नाही. नीट शिजवलं की ही काडी मोडते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांत आणि भाज्यांमध्ये हे पदार्थ शोधून त्यांच्यावर निबंध लिहिले. म्हणून सख्यांनो, गॅस किंवा सरपण वाचवायला वाल लवकर उतरवू नका. विशेषतः लहान मुलाच्या वाटीत जायचे असतील तर दाणा बोटानं चुरडून बघा.

दुसरं काम नीरेचं. डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम हाती घेतलं. ताडा-माडाच्या झाडाचा पहाटे काढलेला, न आंबलेला रस म्हणजे नीरा. ती आंबली की ताडी होते. नीरेत आणि तिच्या गुळात अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह आहे, हे त्यांनी दाखवलं. आदिवासी पाड्यांवरची कुपोषित मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी हा स्वस्त आधार ठरू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण नीरा घराघरांत पोचली का? ती उन्हात तासाभरात बिघडायला लागते, थंड ठेवावी लागते. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट आणि बाईच्या हातातली वाटी यांच्या मध्ये किती लांब रस्ता असतो, ते या नीरेवरून कळतं.

आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात, हरसूलकडे, ताडापेक्षा नागली जवळची. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. पाहुणे आले की नागलीची भाकरी झाकून ठेवायची आणि भात वाढायचा, ही लाज कुठून आली कोण जाणे.

१९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कंझ्युमर गायडन्स सोसायटी. भेसळ आणि मापातली लबाडी पकडणं हे तिचं काम. कमलाबाई तिच्यात रमल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही होत्या. तिच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी लेख लिहिले. नव्वदीच्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. सत्कार इतका उशिरा का, हे विचारायलाही आता कुणी उरलं नाही.

भेसळीवरून आठवलं. गटाच्या बैठकीत करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे. दूध थोडं उकळून पूर्ण गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर दुधात पीठ आहे. तपासलेलं दूध मात्र फेकून द्या.

ताडाची झाडं म्हटली की डहाणू आठवतं. त्याच डहाणूत १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. ते तर आपल्या नाशिकचेच, कारण १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. बी.एस्सी.च्या पुढची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड. स्वतःच्या खर्चानं ते गणिताच्या परिषदांना जात, छोट्या पुस्तिका काढत. मोठमोठे गणिती म्हणत, हा तर पोरखेळ. १९७५ साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहून आलं आणि जगभर नाव झालं. एका प्रकारच्या संख्यांना तर त्यांनी गावाचंच नाव दिलंय, देवळाली संख्या.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला शोध गटाच्या वहीवर करून बघता येतो. चार आकडी रक्कम घ्या, चारही आकडे सारखे नकोत. समजा बचत आहे १८५० रुपये. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ८५१०. मग उलट मांडा, ०१५८. वजाबाकी करा, ८३५२. पुन्हा तसंच, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ ला तेच करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथंच पोचाल. गणितात याला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आरोग्याच्या शिक्षणासाठी राज्याचं स्वतंत्र विद्यापीठ १९९८ साली निघालं तेही आपल्या नाशिकलाच, म्हसरूळला. त्र्यंबकहून एसटीनं गेलं तर सकाळी निघून दुपारी जेवायला घरी परत येता येईल एवढ्या अंतरावर. तरी दहावी झालेल्या पोरीनं विज्ञान शाखेचं नाव काढलं की घरात पहिलं वाक्य येतं, मुलांमध्ये एकटी कशी बसशील? रामन यांच्या तिसऱ्या अटीशी हे वाक्य ताडून बघा.

आणि जाता जाता पोरींसाठी एक कोडं. तीन आकडी संख्येलाही ६१७४ सारखाच एक मुक्काम आहे. तो कोणता, ते मी सांगणार नाही. वही घ्या, वजाबाकी करा आणि तुमच्या गटाचं उत्तर पुढच्या बैठकीच्या आत केंद्रावर कळवा.